आठवड्याचे वचन

सोलापूरच्या स्टेशनावर एकदा एका कापडवाल्या गृहस्थांची पुण्याची गाडी चुकली, आणि ती शुभवर्तमानामुळे चुकली. गृहस्थांना टांगा मिळाला नव्हता. मिशनच्या दवाखान्याच्या फाटकाशी खाकी कोट घातलेला एक माणूस उभा दिसला, त्याला ते म्हणाले, "जरा ट्रंकेला हात लाव, स्टेशनापर्यंत." त्या माणसाने हात लावला नाही, ट्रंक सरळ डोक्यावर घेतली आणि चालू लागला. स्टेशन आले. गृहस्थ थांबले, माणूस थांबला नाही. तो रुळांच्या कडेने तसाच पुढे निघाला. मागून गृहस्थ ओरडत, धोतर सावरत पळत होते. फाटकापासून स्टेशनापर्यंत जेवढे अंतर होते तेवढेच पुढे चालून झाल्यावर त्याने ट्रंक खाली ठेवली, घाम पुसला आणि म्हणाला, "एक कोस तुमच्या सांगण्यावरून. दुसरा प्रभूच्या." त्याच वेळी गाडी त्यांच्या शेजारून शिटी देत निघून गेली.

हा माणूस हमाल नव्हता. तो मिशनच्या दवाखान्यात कंपौंडर होता. मी त्यांच्या घरी दोन वर्षे राहिले.

ते अजून सोलापुरात आहेत. तरीही मी 'होते' असेच लिहिते, कारण मला जे सांगता येईल ते त्या दोन वर्षांपुरतेच. मला लिहिण्याची सवय नाही. माझे गाव अक्कलकोटच्या वाटेवर, वडील दोर वळतात, आई त्यांना वाख सोलून देते. आमच्या घरात पाटी आली ती माझ्यापासून. मॅट्रिक झाल्यावर मिशनच्या मुलींच्या शाळेत बिगारीच्या वर्गाला शिकवण्याचे काम मला मिळाले आणि राहण्यासाठी पाळकसाहेबांनी मला कंपौंडरांच्या मागच्या खोलीत जागा करून दिली. त्यांना मूलबाळ नव्हते. मी त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या पत्नीला काकू. ते मला मास्तरीणबाई म्हणत, थट्टेने नव्हे. वयाने कितीही लहान असली तरी शिकवणारी ती मास्तरीणच, असे त्यांचे म्हणणे होते.

काका उंच आणि हडकुळे. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली. त्यांची जीभ नेहमी पिवळट दिसे, कारण दवाखान्यात तयार केलेल्या प्रत्येक औषधाचा एक थेंब ते आधी स्वतः चाखत. क्विनाईनसुद्धा. "जे मी तोंडात घेतलं नाही ते दुसऱ्याच्या तोंडात कसं घालू?" ते म्हणत. डॉक्टरसाहेबांनी त्यांना अनेकदा समजावले की अशाने एक दिवस तुम्हीच मराल. काका मान हलवत आणि पुढचा थेंब जिभेवर टेकवत.

पण त्यांची खरी ओळख होती ती आठवड्याच्या वचनाची.

इतर लोक दररोज शास्त्र वाचतात, काका आठवड्यातून एकदाच वाचत. सोमवारी सकाळी चुलीपाशी बसून प्रभूचे एकच वाक्य मोठ्याने वाचायचे आणि पुस्तक मिटून ठेवायचे. मग ते वाक्य सात दिवस करायचे. त्याचा अर्थ काय, टीकाकार काय म्हणतात, हे त्यांनी कधी विचारले नाही. "आधी करून बघू. अर्थ मागून लागतो," असे ते म्हणत. पाळकसाहेब एकदा हसून म्हणाले होते की कंपौंडर शास्त्र वाचत नाहीत, डोस घेतात.

त्यामुळे काकूंचा सोमवार धास्तीत जाई. त्या परातीपाशी बसून म्हणत, "आधी ह्या आठवड्याचं वचन सांगा, मग पीठ किती मळायचं ते बघते." आणि त्यांचे चुकत नव्हते. उद्याची काळजी करू नका, असे वचन आले त्या आठवड्यात काकांनी घरात एका दिवसापुरतेच ज्वारीचे पीठ ठेवायचे ठरवले. चौथ्या दिवशी गिरणी बंद होती. काकूंनी देवाच्या कृपेने थोडे पीठ काढले. नंतर त्या मला हळूच म्हणाल्या, "देवाच्या कृपेनं कसलं, मी पहिल्याच दिवशी डब्यात लपवलं होतं. पण सांगू नकोस. बिचारे लई खूश झालेत."

शेवटचे ते पहिले होतील, या वचनाने तर दवाखाना बंद पडायची वेळ आली. काकांनी औषधाची रांग मागच्या टोकापासून सुरू केली. पहाटेपासून पुढे बसलेले लोक चिडले, मग शहाणे झाले आणि उठून मागे जाऊन बसले. ते मागे गेले तसे आधी मागे असलेले पुढे आले, मग तेही उठले. दोन तास रांग फाटकाबाहेर सरकत राहिली. एक म्हातारी म्हणाली, "आमी सगळी आता विजापूरला पोचतो की. औषध तितंच द्या." डॉक्टरसाहेब बाहेर आले, त्यांनी रांगेकडे पाहिले, काकांकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

उजव्या हाताने केलेले डाव्याला कळू देऊ नका, या आठवड्यात ते डावा हात पाठीमागे कोटात खुपसून हिंडत. एका हाताने बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवताना त्यांची फार तारांबळ उडे.

लोक हसत. मीही हसे. पण हसता हसता मला एक गोष्ट दिसू लागली. मी शाळेत मुलींकडून वचने पाठ करून घेत होते. दर शनिवारी दहा वचने. चिमुरड्या पोरी धडाधड म्हणून दाखवत आणि लगेच एकमेकींच्या वेण्या ओढत. मला स्वतःला दोनशे तरी वचने पाठ होती. त्यांतले एकही मी कधी सात दिवस केले नव्हते. एक दिवसही नाही. हे मी कोणाला सांगितले नाही, पण मनात राहिले.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात काकांचा चष्मा फुटला. नवा पुण्याहून यायचा होता. तेव्हा त्यांनी एक जाड वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. ही जुनी झाली, पानं सुटताहेत. सवडीनं नवीन वहीत उतरवून द्याल का?"

त्या वहीत वीस वर्षांची वचने होती. प्रत्येक वचनापुढे एक छोटा शेरा. मी मागच्या खोलीत बसून एकटीच हसत होते. 'एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा. गाडी चुकली. गृहस्थ फार रागावले. परत आणून पोचवले, म्हणजे तीन झाले. वचन खरे, वेळ चुकली.' 'उद्याची काळजी. चौथे दिवशी पीठ आले. घरातून बोलणी बसली. पुन्हा करावे, घरात विचारून.' 'होय ते होय, नाही ते नाही. डॉक्टरसाहेबांनी विचारले, माझे व्याख्यान कसे झाले. नाही म्हटले. तीन दिवस बोलले नाहीत.'

उतरवता उतरवता दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. वचने पुस्तकातल्या क्रमाने होती, एकेक करीत पुढे गेलेली, पुस्तक संपले की पुन्हा सुरुवातीपासून. फक्त पहिले तेवढे क्रमाबाहेरचे. कोणी एक शिष्य प्रभूला म्हणाला होता की मला आधी घरी जाऊन बापाला मूठमाती देऊ दे, आणि प्रभू म्हणाला होता, मेलेल्यांचे मेलेले पाहतील, तू माझ्यामागे ये. ते वचन वहीच्या पहिल्या पानावर होते. पुढे लिहिले होते, 'केले.' आणि शेऱ्याची जागा कोरी.

दुसरी गोष्ट अशी की डोंगरावरच्या उपदेशातले एक वचन दर वेळी गाळलेले होते. तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. त्याच्या आधीचे वचन होते, नंतरचे होते, हे नव्हते.

मला वाटले, नजरचुकीने राहिले. मी काकूंना विचारले. त्या भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. "मला विचारू नकोस पोरी," त्या म्हणाल्या. "त्यांनाच विचार. नाहीतर नकोच विचारूस."

मी विचारायला नको होते का, हे मला आजही ठरवता येत नाही. पण मी विचारले. दुपारी दवाखाना रिकामा होता. काका पडवीत बाटल्या विसळत होते. मी म्हटले, "काका, एक वचन राहून गेलंय वहीत. वेदीपाशी दान ठेवून जाण्याचं. मी मध्ये जागा सोडू का?"

त्यांनी हातातली बाटली विसळून पालथी घातली. मग दुसरी घेतली. तीही पालथी घातली. मला वाटले त्यांना ऐकू आले नाही.

"राहून नाही गेलं," ते म्हणाले. "उडी मारून गेलो."

मग त्यांनी सांगितले. ते विणकरांच्या घरातले, घरी बोलणे तेलुगू. बाविसाव्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वडील आधीच वारले होते. घरात आई आणि अकरा वर्षांचा धाकटा भाऊ. आई रागावली, पण बोलायची थांबली नाही. दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहायची, विचारायची, जेवलास का; पण बाटलेल्या मुलाच्या हातचे पाणी पीत नसे. वर्षभरात ती तापाने गेली. त्यांच्यात थोरल्या मुलाने विस्तवाचे मडके हातात धरून प्रेतापुढे चालायचे. माणूस बोलवायला आला.

"मी त्याच आठवड्यात ते वाचलं होतं," काका म्हणाले. "मेलेल्यांचं मेलेले पाहतील. कुणी मला सांगितलं नाही, कुणा पाद्रीसाहेबानं अडवलं नाही. मीच वाचलं आणि मीच केलं. वाटलं, प्रभू माझी परीक्षा बघतोय. मी गेलो नाही. इथंच, ह्याच पडवीत बाटल्या विसळत बसलो. प्रेत ह्याच रस्त्यानं गेलं, आणि पुढं मडकं धरून माझा भाऊ. अकरा वर्षांचं पोर. त्यानं फाटकातून आत बघितलं. मला दिसलं की तो बघतोय. मी मान वर केली नाही."

मी म्हटले, "पण काका, तुम्हाला वाटलं ते तुम्ही खरेपणानं केलंत."

"केलं," ते म्हणाले. "ते वाक्य प्रभूनं एका माणसाला सांगितलं होतं, त्याच्या डोळ्यांत बघून. माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मी विचारलंच नाही." मग त्यांनी हात पुसले. "जागा सोडा मास्तरीणबाई. पुढच्या सोमवारी तेच घेऊ."

तो सोमवार आला. काकांनी चुलीपाशी वचन वाचले आणि काकूंनी पीठ किती मळायचे ते विचारले नाही.

भाऊ याच गावात होता, दोन पेठा पलीकडे. वीस वर्षांत त्यांचे बोलणे नव्हते. बाजारात समोर आला तर तो रस्ता ओलांडून जाई. संध्याकाळी दवाखाना बंद करून काका त्याच्या घरी गेले. दिवेलागणीला परत आले तेव्हा आम्ही दोघी ओट्यावरच बसलो होतो.

"काय म्हणाला?" काकूंनी विचारले.

"मी म्हणालो, चुकलो. तो म्हणाला, कुणाला सांगतोस, ती तर गेली."

"आणि मग?"

"मग माग सुरू केला त्यानं. मी उंबऱ्याशी बसलो. लुगडं चांगलं विणतो गं. काठ अगदी सरळ."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. शब्द बोलायचा नाही, उंबऱ्याशी बसायचे, मागावर सूत नेणाऱ्या धोट्याचा खटखटाट ऐकायचा, अंधार पडू लागला की उठायचे. आठवडा संपला. सोमवारी काकांनी पुन्हा तेच वचन वाचले. त्याच्या पुढच्या सोमवारीही. ओळखीची माणसे विचारत, "काय कंपौंडर, ह्या आठवड्याला काय काढलंत?" ते म्हणत, "तेच चालू आहे."

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, ते उठले नाहीत. आमच्या मंडळीत सगळे मेजापाशी जाऊन उभे राहतात, पाळकसाहेब भाकर मोडून एकेकाच्या हातावर ठेवतात. काका बाकावर बसून राहिले. लोक वळून पाहू लागले. ज्याला काही दोषामुळे मंडळीने बाजूला ठेवले असेल तोच असा बसतो. काकू मेजाकडे गेल्या, परत आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या.

त्या दिवशी दुपारी पाळकसाहेब घरी आले. ते चांगले गृहस्थ होते, शिकलेले आणि शांत. म्हणाले, "कंपौंडर, तुम्ही गेलात, क्षमा मागितलीत. तुमच्याकडून झालं. तो ऐकत नसेल तर दोष त्याचा."

काका म्हणाले, "दोष त्याचा आहे असं मनात धरून मी ती भाकर खाऊ, साहेब?"

पाळकसाहेबांनी टोपी हातात फिरवली. "तसं नाही हो," ते म्हणाले. मग टोपी घालून निघाले.

दुसरा महिना गेला, तिसरा गेला. वीस वर्षांत ज्यांनी एकदाही ती भाकर चुकवली नव्हती ते पाच पहिले रविवार बाकावर बसून होते. काका खंगले. संध्याकाळी परत आले की ते आम्हाला बातमी देत, पण बातमी तरी काय असायची? "आज माग दोनदा थांबला." काकू म्हणत, "धागा तुटला असेल." काका म्हणत, "असेल." एकदा म्हणाले, "आज त्याच्या बायकोनं पोतं टाकलं बसायला. त्यानं बघितलं, उचल म्हणाला नाही." त्या दिवशी ते दीड भाकरी जेवले.

मी फार अस्वस्थ होते. मीच ते वचन उकरून काढले होते. सरळ चाललेल्या माणसाला मी आडरानात घातले, असे वाटे. दुसरीकडे असेही वाटे की हेच एक वचन ते खरे तर वीस वर्षे करीत आले आहेत, बाकीची सगळी त्याच्याभोवती फिरत आहेत. मला नक्की सांगता येत नाही.

पावसाळा संपता संपता काकांना ताप भरला. दोन दिवस ते अंथरुणातून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी मला हाक मारली. "मास्तरीणबाई, एक काम कराल? त्याला सांगून या, मला ताप आहे म्हणून. काल नाही गेलो, आज नाही गेलो, तर त्याला वाटेल मी सोडलं."

मी गेले. पुढच्या खोलीतच माग होता, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून भाऊ बसला होता. केसांवर, भुवयांवर सुताची धूळ. डावा खांदा जरा खाली. मी उंबऱ्याशी उभी राहिले. तिथे पोते अंथरलेले होते.

"कोण गं तू?"

"कंपौंडरकाकांकडे राहते. त्यांनी सांगायला पाठवलंय, त्यांना ताप आहे. आज येणार नाहीत."

"मी कवा बोलावलं हुतं त्याला?"

"नाही बोलावलं."

"मग सांगाया कशाला पाठवतो?"

"तुम्हाला वाटेल की त्यांनी सोडलं."

तो हसला, पण ते हसणे चांगले नव्हते. "सोडण्यात तर लई हुशार हाय तो." धोटा इकडून तिकडे गेला, परत आला. मग थांबला. "पाच महिनं झालं. येतो, बसतो, जातो. हितं काय नाटक लागलंय व्हय? काय पायजे काय त्याला?"

काकांनी मला एवढेच सांगायला पाठवले होते, बाकी बोलायचा मला अधिकार नव्हता. तरी मी बोलले. म्हटले, "आमच्या देवळात महिन्यातून एकदा सगळ्यांना भाकर देतात. प्रभूची आठवण म्हणून, एवढासा तुकडा. काका तो घेत नाहीत."

"का?"

"शास्त्रात आहे की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर आधी त्याच्याकडे जा, मग इथं ये. म्हणून ते बाकावर बसून राहतात. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर?"

"हो. लोकांना वाटतं त्यांनी काही पाप केलंय. ते काही सांगत नाहीत."

त्याने धोटा मांडीवर ठेवला. बोटाने त्यातली सुताची कांडी फिरवत राहिला. "लोकांस्नी काय म्हायती, केलंयच की," तो म्हणाला. मी जायला वळले तेव्हा मागून आवाज आला, "ताप किती हाय?"

"काल फार होता. आज उतरलाय थोडा."

"काढा देत्यात का नुसतंच ते इंग्रजी पाणी पाजत्यात?" आणि मी उत्तर देण्याआधीच माग सुरू झाला.

घरी येऊन मी काकांना फक्त 'सांगितलं' एवढेच म्हटले. बाकीचे सांगायचा धीर झाला नाही.

पुढचा रविवार पहिला रविवार होता. काका काठी टेकत देवळात आले. गाणे झाले, उपदेश झाला, मेजावरचे पांढरे कापड पाळकसाहेबांनी दुमडून बाजूला ठेवले. लोक उठून पुढे गेले. काका बसून राहिले. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि तेवढ्यात दारात सावली पडली.

भाऊ दारात उभा होता. धुतलेले धोतर, डोक्याला पटका, वहाणा हातात. तो आत आला नाही. घरात ते तेलुगूत बोलत, पण तो मराठीत बोलला, सगळ्यांना कळावे म्हणून असेल.

"पाद्रीसाहेब, मला तुमच्यातलं काय म्हायती न्हाई," तो म्हणाला. "हा माणूस माझ्यापायी तुमच्यात बसून ऱ्हातो म्हनं. लोक त्याला नावं ठेवत्यात म्हनं. नावं ठेवायचा हक्क माझा हाय, दुसऱ्या कुणाचा न्हाई." त्याला दम लागला होता. मग तो बाकांकडे, काकांकडे वळला. "ते मडकं जड नव्हतं, अन्ना. मी काय तेवढा ल्हान नव्हतो. बाजूला तू नव्हतास. एवढंच. आता झालं. वीस वर्सं झाली. खा ती भाकर."

काका उठले. ते मेजाकडे जाण्याआधी दाराकडे गेले. मला वाटले ते त्याला मिठी मारतील, पण त्यांना ते जमले नाही. त्यांनी फक्त त्याच्या पटक्याचे सुटलेले टोक हातात घेतले आणि खोचून दिले. आई लहान मुलाचे करते तसे. मग ते मेजापाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा त्यावर ठेवून क्षणभर वरून आपलाही हात धरला.

पुढचे गाणे आम्ही म्हटले. काका बाकावर परत आले नाहीत. ते बाहेर जाऊन पायरीवर भावाशेजारी बसले. उघड्या दारातून दोघांच्या पाठी दिसत होत्या, ऊन लागत होते. शेवटी पाळकसाहेब मेजापासून निघाले, मधल्या वाटेने चालत दारापर्यंत गेले आणि आशीर्वाद तिथे, त्या दोघांच्या मागे उभे राहून दिला.

लोक बाहेर पडू लागले. काकू धावत पायरीपाशी गेल्या. वीस वर्षांत त्यांनी दिराला इतक्या जवळून पाहिले नव्हते. त्या म्हणाल्या, "घरी चला, जेवायला."

भावाने मान हलवली. "आज नको वैनी. घरी वाट बघत्यात." तो उठला, वहाणा पायात घातल्या. दोन पावले गेला आणि थांबला. उन्हाकडे पाहिले, काकांकडे पाहिले.

"पाणी दे की, अन्ना," तो म्हणाला. "लई तहान लागलीया."

काका आत गेले. माठातून तांब्या भरून आणेपर्यंत अर्धे पाणी त्यांच्याच कोटावर सांडले होते. भावाने तांब्या घेतला. वरून धार धरली नाही. तोंड लावून, डोळे मिटून, सगळे पाणी पिऊन टाकले.